मोला : ‘तण-मासा’ ते मत्स्यबीज

दि. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील (आजच्या ओडिशातील) अंगुल येथे हीरालाल चौधुरी व के. एच. अलीकुन्ही यांनी पोष ग्रंथींचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालावयास लावले. भारतीय मत्स्यसंवर्धनाच्या इतिहासात ही घटना युगप्रवर्तक मानली जाते व ते योग्यच आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यात वाढतात, परंतु साचलेल्या पाण्यात सहसा वितात नाहीत. तोपर्यंत त्यांचे बीज पावसाळ्यात नद्यांतून गोळा करावे लागे आणि त्या बीजात नको असलेल्या जातींची भेसळ अटळ असे. प्रेरित प्रजननाने हे परावलंबन संपुष्टात आले.

तथापि या यशाची एक बाजू दीर्घकाळ अलक्षित राहिली. शुद्ध बीज हाती आल्यावर तळेही ‘शुद्ध’ करावे असा विचार रूढ झाला. मत्स्यसंवर्धनाच्या पाठ्यग्रंथांत मोला, दरई, पुंटी, चांदा इत्यादी लहान देशी माशांची गणना ‘तण-मासे’ या सदराखाली होऊ लागली. शेतातील तण जसे पिकाचे खत खाते, तसे हे मासे कार्पांचे अन्न खातात, अशी त्यामागची उपपत्ती होती. बीज सोडण्यापूर्वी तळ्यात मोहाची पेंड टाकून हे मासे मारावेत, अशी शिफारस असे व तिचे प्रमाण हेक्टरी सुमारे २,५०० किलो होते. पूर्व बंगालात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, त्याच कामी रोटेनोन वापरले जाई. उपपत्ती सर्वस्वी चुकीची होती असे म्हणता येणार नाही, कारण अन्नाची स्पर्धा काही प्रमाणात असतेच. परंतु तीत मासा केवळ वजनाने मोजला जात होता. तो कोणाच्या ताटात जातो आणि त्या ताटात दुसरे काय असते, हा प्रश्न मत्स्यशास्त्राच्या कक्षेत येतच नव्हता.

तो प्रश्न आला आहारशास्त्राच्या दारातून. त्रिनिदादमध्ये भारतीय वंशाच्या कुटुंबात जन्मलेल्या शकुंतला हरकसिंग थिल्स्टेड १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बांगलादेशात आल्या व मतलब येथे तीव्र कुपोषित बालकांवरील उपचाराच्या कामाशी निगडित झाल्या. लहान मासे, विशेषतः मोला, डोळ्यांना चांगले, असे तेथील स्त्रिया सांगत. लोकसमजूत म्हणून हे विधान सोडून देणे सोपे होते. थिल्स्टेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रयोगशाळेत तपासले. मोलाच्या १०० ग्रॅम खाद्य भागात ‘अ’ जीवनसत्त्वाची मात्रा २,५०० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळली, तर संवर्धित कार्पांत ती १०० मायक्रोग्रॅमच्याही खाली होती. निम्म्याहून अधिक जीवनसत्त्व डोळ्यांत व उरलेल्यापैकी बहुतेक पोटातील अवयवांत साठलेले होते. म्हणून डोके छाटून मासा साफ करणाऱ्या स्वयंपाकघरात हा लाभ उकिरड्यावर जातो. लहान मासा काट्यासह खाल्ला जातो; त्यातील कॅल्शियम शरीरात दुधातील कॅल्शियमाइतकेच शोषले जाते, हे १९९८ साली दाखविण्यात आले. शिवाय मोठ्या माशाचे तुकडे घरातील पुरुषांच्या वाट्यास अधिक जातात, उलट लहान माशांचे कालवण पळीपळीने सर्वांना मिळते. ही साधी घरगुती बाब कोणत्याही उत्पादन-तक्त्यात दिसत नाही.

१९९० नंतरच्या दशकात मैमनसिंग येथील कृषी विद्यापीठाच्या तळ्यांत कार्पांबरोबर मोला वाढविण्याचे प्रयोग झाले. कार्पांचे उत्पन्न त्यामुळे लक्षणीय घटले नाही. मोला तीन-चार महिन्यांत प्रौढ होतो व वर्षातून अनेकदा वितो. म्हणून थोडे थोडे मासे वरचेवर काढीत राहिले तरी त्याची संख्या टिकते. देशातील सुमारे १३ लाख लहान तळ्यांपैकी प्रत्येकात वर्षाला अवघा १० किलो मोला निघाला, तर २० लाखांहून अधिक बालकांची ‘अ’ जीवनसत्त्वाची वार्षिक गरज भागेल, असा अंदाज मांडण्यात आला. विष घालून मारावयाचा मासा दहा-पंधरा वर्षांच्या आत आरोग्यधोरणाच्या हिशेबात आला.

या हिशेबाला धक्का देणारा पुरावाही याच संशोधनपरंपरेतून पुढे आला. ढाक्यातील बालकांवर केलेली आणि २००८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी असे सांगते की, मोलाचे कालवण नियमित दिल्यानेही त्यांच्या रक्तातील ‘अ’ जीवनसत्त्वाच्या स्थितीत अपेक्षित सुधारणा झाली नाही. या माशातील जीवनसत्त्व बहुतांशी डीहायड्रोरेटिनॉल या रूपात असते व त्याची जैव क्रियाशीलता रेटिनॉलहून कमी असते, हे त्याचे एक संभाव्य कारण होय. कॅल्शियम, लोह, जस्त व प्रथिने यांच्या दृष्टीने मोलाचे मोल यामुळे कमी होत नाही. परंतु आरंभीच्या लेखनातील उत्साह पुढे अनेक अहवालांनी जसाच्या तसा उचलला व या चाचणीचा उल्लेख मात्र टाळला, हे इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविले पाहिजे. थिल्स्टेड यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो या एका माशासाठी नव्हे, तर माशाकडे वजनाऐवजी आहारमूल्याच्या दृष्टीने पाहण्यास शिकविल्याबद्दल, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

जो मासा तळ्यात आपणहून वितो, त्याला हॅचरीची गरज काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. उत्तर पहिल्या खेपेच्या बीजात आहे. मोला अत्यंत नाजूक असतो. जाळ्यात व हाताळणीत त्याचे खवले गळतात आणि वाहतुकीत बरेच मासे मरतात. उथळ तळी उन्हाळ्यापूर्वी आटली की पुढील पावसाळ्यात पुन्हा बीज आणावे लागते. ते आणावयाचे कोठून? पूरनियंत्रणाचे बांध, पाणथळींचा संकोच, कीटकनाशके व अतिमासेमारी यांमुळे नैसर्गिक साठे ओसरले. २०१५ च्या बांगलादेशाच्या लाल यादीनुसार गोड्या पाण्यातील २५३ जातींपैकी ६४ धोक्यात होत्या. त्या देशाच्या मत्स्यसंशोधन संस्थेने तीसहून अधिक देशी जातींचे प्रजननतंत्र सिद्ध केले. मात्र त्यांत पाबदा, गुलशा, मागुर अशा बाजारात चढा भाव मिळणाऱ्या जातींकडे हॅचरीमालकांचा ओढा स्वाभाविकपणे अधिक राहिला.

मोलाच्या बाबतीत तांत्रिक अडचणही होती. काही ग्रॅम वजनाच्या माशास संप्रेरक टोचणे आणि त्याच्या अतिसूक्ष्म मत्स्यजिऱ्यांना तोंडात मावेल असे अन्न पुरविणे, ही दोन्ही कामे किलोभर वजनाच्या रोहूसाठी बसविलेल्या पद्धतीने होत नव्हती. भारताच्या पूर्व भागात वर्ल्डफिश या संस्थेच्या संशोधकांनी हॅचरीत मोलाचे बीज मोठ्या प्रमाणावर निर्माण केले व त्याची पद्धती २०२४ साली प्रसिद्ध झाली. प्रौढ मोल्याऐवजी लहान बीजच नेले, तर वाहतुकीतील हानी पुष्कळ टळते. शिवाय अशा बीजात शिकारी माशांची भेसळ नसते. अंगुलच्या प्रयोगाने रोहूसाठी जे साधले, ते मोलासाठी साधावयास सहा दशकांहून अधिक काळ लागला, आणि त्या काळाचा मोठा भाग याच माशाला तळ्यातून नाहीसे करण्यात खर्ची पडला होता.