इंटरनेटवरील नभोवाणी व तिच्या साधनांची निवड

मनुष्य एखादें साधन निवडतो तेव्हां तो बहुधा त्याची किंमत, सोय आणि टिकाऊपणा एवढेंच पाहतो. सतार किंवा लेखणी घेतांना एवढें पाहिलें म्हणजे पुरतें; कारण वस्तु घरीं आली कीं विकणाराचा तिच्याशीं संबंध संपतो. परंतु ज्या साधनाच्या द्वारें आपला आवाज दुसऱ्याच्या कानापर्यंत पोंचावयाचा असतो, त्याची गोष्ट निराळी आहे. तेथें आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : हें साधन चालूं ठेवण्याची व बंद करण्याची सत्ता कोणाच्या हातीं राहते? इंटरनेटवरून थेट नभोवाणी चालविण्यासाठीं कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें, हा वरवर पाहतां केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न आहे. पण गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे त्याच्या पोटीं हा दुसरा प्रश्न सतत आढळतो. आणि बेलग्रेड शहरांत तर तो एका केंद्राच्या जीविताचाच प्रश्न झाला.

प्रथम या नभोवाणीची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. तिला तीन सॉफ्टवेअरें लागतात. पहिलें स्टुडिओंत असतें. तें ध्वनीचे आंकडे बनवून, ते दाबून लहान करून पुढें पाठवितें. दुसरें सर्व्हरवर असतें; तें आलेला प्रवाह घेऊन मागेल त्या प्रत्येक श्रोत्यास त्याची प्रत देतें. तिसरें श्रोत्याच्या संगणकांत किंवा मोबाइलमध्यें असतें; तें त्या आंकड्यांचा पुन्हा ध्वनि करतें. जुन्या नभोवाणीहून येथें एक मोठा भेद आहे. मनोऱ्यावरून निघालेली लहर एकानें ऐकली काय आणि लाखांनीं ऐकली काय, केंद्राचा खर्च तोच. इंटरनेटवर मात्र सामान्यतः प्रत्येक श्रोत्याकडे वेगळा प्रवाह धाडावा लागतो. सेकंदाला १२८ किलोबिट असा प्रवाह धरला, तर शंभर श्रोत्यांसाठीं सर्व्हरनें सेकंदाला १२.८ मेगाबिट पुरविले पाहिजेत; आणि एकच श्रोता तासभर बसला तर त्याच्याकडे ५७.६ मेगाबाइट जातात. म्हणून स्टुडिओ एका गांवीं आणि सर्व्हर दूर, भरपूर जोडणी असलेल्या ठिकाणीं, अशी व्यवस्था बहुधा केलेली असते. ही गोष्ट पुढें फार महत्त्वाची ठरली.

या नभोवाणीचा प्रारंभ इ.स. १९९३ पासून धरतात. त्या वर्षीं अमेरिकेंत कार्ल मालमूड यांनीं ‘इंटरनेट टॉक रेडिओ’ हा संभाषणांचा कार्यक्रम सुरू केला. परंतु तो मुख्यतः अगोदर नोंदविलेल्या फाइलींच्या रूपानें श्रोत्यांस मिळे. पुढें ७ नोव्हेंबर १९९४ रोजीं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील ‘डब्ल्यूएक्सवायसी’ या विद्यार्थी-केंद्रानें आपला चालू कार्यक्रम इंटरनेटवर सोडण्यास आरंभ केला. त्यासाठीं घेतलेलें ‘सीयू-सीमी’ हें सॉफ्टवेअर मुळांत नभोवाणीचें नव्हेच. दूरच्या माणसांनीं एकमेकांस पाहावें व बोलावें म्हणून तें कॉर्नेल विद्यापीठांत तयार झालें होतें. हाताशीं होतें त्यावर काम भागविण्याचा हा काळ एप्रिल १९९५ मध्यें संपला. सिअ‍ॅटल येथील रॉब ग्लेझर यांच्या ‘प्रोग्रेसिव्ह नेटवर्क्स’ या कंपनीनें तेव्हां ‘रिअलऑडिओ’ बाहेर काढलें. घरगुती मोडेम त्या वेळीं सेकंदाला १४.४ किलोबिट वाहून नेई. सीडीवरील संगीतास १,४११ किलोबिट लागतात. म्हणजे सुमारें शंभराव्या हिश्शांत आवाज बसवावयाचा होता. तो बसला, टेलिफोनवरील आवाजासारखा घुसमटलेला, पण सगळी फाइल उतरण्याची वाट न पाहतां ऐकूं येणारा.

या सोयीबरोबर एक जुनी मोकळीक मात्र हरवली. आपल्याकडे घरीं फिलिप्सचा संच असो कीं मर्फीचा, मुंबई केंद्र दोहोंवर लागे. केंद्राचा प्रक्षेपक कोणत्या कारखान्याचा आहे याची चौकशी श्रोत्यास करावी लागत नसे. रिअलऑडिओचा प्रवाह ऐकावयाचा तर त्याच कंपनीचा प्लेअर हवा. हा प्लेअर श्रोत्यास फुकट मिळे. सर्व्हरचें मोल मात्र एका वेळीं किती श्रोते यावयाचे त्या मानानें केंद्रानें मोजावयाचें. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्यें अशा रीतीनें एक तिसरा येऊन बसला. त्याचा हेतु वाईट होता असें नव्हे. परंतु त्याच्यावांचून बोलणें पुरें होईना, हें खरें.

असें असतांही या साधनाची सर्वांत मोठी कसोटी बेलग्रेड येथें लागली व तें तींत उतरलें. तेथील ‘बी-९२’ हें तरुणांचें केंद्र १९८९ सालीं निघालें होतें. नोव्हेंबर १९९६ मध्यें सर्बियांतील स्थानिक निवडणुकांत विरोधी पक्षांनीं राजधानीसह कित्येक शहरें जिंकलीं, आणि स्लोबोदान मिलोशेविच यांच्या राजवटीनें ते निकाल रद्द करविले. लोक रोज रस्त्यावर येऊं लागले. त्यांच्या बातम्या देणाऱ्या बी-९२ चें प्रक्षेपण ३ डिसेंबर रोजीं बंद पाडण्यांत आलें. परंतु केंद्राचा आम्स्टरडॅम येथील ‘एक्सएसफोरऑल’ या इंटरनेट-संस्थेशीं अगोदरच संबंध जुळलेला होता. रिअलऑडिओच्या साहाय्यानें कार्यक्रम तेथें जाऊं लागला व तेथून जगभर ऐकूं येऊं लागला. दोनच दिवसांनीं प्रक्षेपण पुन्हा सुरू झालें. हा विजय एकट्या सॉफ्टवेअरचा नव्हे. त्यांत रस्त्यावरील लोकांचा व परदेशांतून आलेल्या दडपणाचा मोठा वांटा होता; सर्बियांत फार थोड्या घरीं तेव्हां इंटरनेट होतें. परंतु केंद्राचें तोंड दाबूनही तें बोलतच राहतें, हें राजवटीला प्रथमच दिसलें. पुढल्या वर्षीं तर हा कार्यक्रम इंटरनेटनें परदेशीं जाई, बीबीसीच्या साहाय्यानें उपग्रहावर चढे आणि सर्बियांतील लहान लहान केंद्रें तो उपग्रहावरून घेऊन आपापल्या गांवीं ऐकवीत.

मुंबईच्या वाचकांस येथें १९४२ च्या गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ची आठवण होईल. उषा मेहता व त्यांचे सहकारी ४२.३४ मीटरवरून बोलत, आणि प्रक्षेपक एका जागीं राहिल्यास सांपडेल म्हणून घरें बदलीत. तरीही १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं त्यांच्यावर छापा पडला. लहर कोठून निघाली हें शोधणारी यंत्रें लहरीच्याच मागानें घरापर्यंत येतात. उलट बी-९२ चा सर्व्हर कोठें आहे हें उघड गुपित होतें. पण बेलग्रेडच्या पोलिसांचा हात आम्स्टरडॅमपर्यंत पोंचत नव्हता.

बी-९२ नें एका कंपनीच्या बंदिस्त साधनावर विसंबावयास नको होतें, असा आक्षेप कोणी घेईल. तो मला पटत नाहीं. त्या घटकेला श्रोत्यांजवळ जो प्लेअर होता त्याच्याशीं जुळेल तेंच साधन घेणें प्राप्त होतें. तत्त्वतः निर्दोष पण कोणाच्याच संगणकांत न वाजणारा प्रवाह सोडून काय मिळालें असतें? मात्र संकटांत योग्य ठरलेली निवड सर्वकाळ योग्य ठरते असें नाहीं.

पुढील दोन-तीन वर्षांत एमपी३ ही ध्वनि दाबण्याची पद्धति घरोघर पोंचली. जस्टिन फ्रँकेल यांच्या ‘नलसॉफ्ट’नें १९९७ मध्यें ‘विनअ‍ॅम्प’ हा प्लेअर काढला आणि १९९८-९९ च्या सुमारास ‘शाउटकास्ट’ हा सर्व्हर. एमपी३ वाजविणारे प्लेअर अनेक असल्यामुळें फिलिप्स-मर्फीची जुनी मोकळीक पुष्कळ अंशीं परत आली, आणि सामान्य माणूस घरच्या संगणकावरून केंद्र चालवूं लागला. शाउटकास्ट फुकट होतें, पण त्याची मूळ लिपि कंपनीपाशींच राहिली. त्याच सुमारास जॅक मोफिट व बरात राघवन यांनीं ‘आइसकास्ट’ रचलें. तें मूळ लिपीसकट सर्वांस खुलें होतें. कोणींही तें घ्यावें, वाचावें, सुधारावें व पुढें द्यावें. ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ या दोन शब्दांतील अंतर तेव्हां फारसें कोणास जाणवलें नाहीं. जून १९९९ मध्यें नलसॉफ्ट अमेरिकेंतील ‘एओएल’ कंपनीनें विकत घेतलें. आणि नोव्हेंबर २०१३ मध्यें त्या कंपनीनें विनअ‍ॅम्प बंद करण्याचें जाहीर केलें, तेव्हां शाउटकास्टचें काय होणार या चिंतेनें हजारों केंद्रांस घेरलें. आपल्या संगणकावरील सर्व्हर कोणी उचलून नेणार नव्हतें. परंतु श्रोते ज्या सूचींतून केंद्रें शोधीत ती सूची कंपनीच्या हातीं होती. जानेवारी २०१४ मध्यें ‘रेडिओनॉमी’नें दोन्हीं विकत घेतलीं व संकट टळलें. आइसकास्टवाल्यांस ही चिंता करावी लागली नाहीं. जें कोणा एकाचें नाहीं तें कोणा एकास बंदही करतां येत नाहीं.

तथापि मुक्त साधनांचेंही मोल असतें, व तें श्रमांत द्यावें लागतें. एमपी३ च्या पेटंटधारकांनीं १९९८ मध्यें सॉफ्टवेअर करणारांकडे शुल्काची मागणी केली, तेव्हां क्रिस माँटगोमेरी यांनीं पेटंटमुक्त ‘व्हॉर्बिस’ पद्धतीचें काम नेटानें पुढें नेलें. तिची पहिली पूर्ण आवृत्ति जुलै २००२ मध्यें निघाली. पद्धति उत्तम होती, पण अ‍ॅपलचा आयपॉड ती वाजवीत नसे, आणि श्रोता ज्या यंत्रावर ऐकतो त्यापुढें गुणवत्तेचा इलाज चालत नाहीं. अखेर एप्रिल २०१७ मध्यें एमपी३ चा परवान्यांचा कारभारच समाप्त झाला, आणि तो वाद काळानें मिटविला.

एखादें महाविद्यालय किंवा संस्था आज अशी नभोवाणी काढूं लागली तर या इतिहासावरून तिनें काय घ्यावें? माझ्या मतें ध्वनीची पद्धति निवडतांना श्रोत्याकडे पाहावें आणि सर्व्हर निवडतांना स्वतःकडे. पद्धति अशी असावी कीं ती साध्या मोबाइलवरही वाजेल. सर्व्हर असा असावा कीं उद्यां तो उचलून दुसऱ्या ठिकाणीं मांडतां येईल. थेट बोलणाऱ्यास ‘बट’सारखें छोटें सॉफ्टवेअर पुरतें. दिवसभर कार्यक्रम चालवावयाचा असेल तर लिओं येथील एकोल नॉर्माल सुपेरिअरच्या विद्यार्थ्यांनीं आरंभिलेलें ‘लिक्विडसोप’ आहे. थेट आवाज मध्येंच तुटला तर तें आपण होऊन दुसरें संगीत लावतें. अ‍ॅपलनें २००९ मध्यें आणलेली तुकड्यातुकड्यांची पद्धति मोठ्या श्रोतृवर्गास सोयीची. पण आरंभीं दहा सेकंदांचे तुकडे असत, त्यामुळें आवाज कांहीं काळ मागें राही. श्रोत्यांचे प्रश्न लगेच घ्यावयाचे असतील तर हा विलंब आधींच मोजून पाहावा. तयार सेवा भाड्यानें घेण्यासही हरकत नाहीं. फक्त ती सोडतांना आपले कार्यक्रम, आपला पत्ता आणि आपले श्रोते बरोबर नेतां येतील कीं नाहीं, हें पहिल्याच दिवशीं विचारून घ्यावें.

एवढें सगळें केलें तरी साधनाला मर्यादा आहेतच. २४ मार्च १९९९ रोजीं, नाटोचे हल्ले सुरू होण्याच्या सुमारास, बी-९२ चें प्रक्षेपण पुन्हा बंद झालें आणि केंद्र पुन्हा इंटरनेटवर गेलें. या खेपेस राजवटीनें सर्व्हरचा विचारच केला नाहीं. २ एप्रिल रोजीं स्टुडिओ ताब्यांत घेतला गेला व केंद्रावर नवे अधिकारी बसविले गेले. आम्स्टरडॅमचा सर्व्हर जागच्या जागीं होता. त्याच्याकडे आवाज पाठविणारीं माणसें मात्र दाराबाहेर काढलीं गेलीं होतीं. चांगलें साधन बोलणाराची वाट मोकळी ठेवतें, आणि म्हणून तें विचारपूर्वक निवडलें पाहिजे. परंतु स्टुडिओच्या दाराचें रक्षण समाजानेंच करावयाचें असतें; तें काम कोणत्याही सॉफ्टवेअरवर सोंपवितां येत नाहीं.