रावसाहेब मंडलिक आणि मुरूडचा कागद

रामेश्वराचा कौल झाला म्हणजे आचरा येथील सारा गांव गांवपळणीसाठीं घरें सोडून तीन दिवस शिवेबाहेर राहतो. या चालीस आधार विचारल्यास ‘पूर्वापार’ एवढेंच उत्तर मिळतें. असल्या उत्तराचें मोल न्यायालयांत किती, हा विचार मनांत आला कीं आम्हांस रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक आठवतात. (गांवाचें नांव ‘आचार’ शब्दापासून काढण्याचा मोह आम्हीं, पुरावा नसल्यानें, आवरला आहे.)

मंडलिकांचा जन्म १८३३ सालीं दापोलीजवळील मुरूडचा. एल्फिन्स्टनमध्यें शिक्षण, कांहीं वर्षें सरकारी नोकरी, नंतर मुंबईच्या हायकोर्टांत वकिली. १८६४ सालीं त्यांनीं ‘नेटिव्ह ओपिनियन’ पत्र काढलें. १८७४ सालीं मुंबईच्या व १८८४ सालीं व्हाइसरॉयच्या कायदेमंडळांत त्यांची नेमणूक झाली. १८८० च्या खोती कायद्याच्या वादांत त्यांनीं खोतांची बाजू घेतली. ती आम्हांस एकांगी वाटते.

संग्राहकांस त्यांचें महत्त्व निराळें आहे. त्या काळीं वारशाच्या दाव्यांत गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोंकण येथें नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख प्रमुख. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत (आचरा १९८१ पर्यंत त्यांतच होता) मिताक्षरा आधीं, मयूख मागून. जेथें पाठभेदानें वांटा फिरूं शकतो, तेथें शुद्ध पोथी ही चैन नव्हे. १८८० सालीं त्यांनीं मयूख व याज्ञवल्क्यस्मृति इंग्रजी भाषांतरासह छापली. १८८६ सालीं मेधातिथि, सर्वज्ञनारायण, कुल्लूक, राघवानंद, नंदन व रामचंद्र यांच्या टीकांसह मनुस्मृति काढली. गोविंदराज पुरवणींत दिला. जणूं साक्षीदारांचे जबाबच एकाखालीं एक! आयुष्यभर कुल्लूकावर भागविलेल्या आमच्यासारख्या शाळामास्तरास मेधातिथि प्रथम तेथेंच भेटला.

याच्या कितीतरी आधीं, १८६५ च्या सुमारास, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत त्यांनीं मुरूड गांव कसा वसला हें सांगणाऱ्या एका जुन्या कागदावर निबंध लिहिला. मनूची पोथी पुष्कळजण सोवळ्यांत जपतात; गांवच्या कागदास रद्दी म्हणतात. मंडलिकांस ठाऊक होतें कीं देशाचारहि प्रमाण आहे, पण तो सिद्ध करावा लागतो.

ते १८८९ सालीं निवर्तले. आमच्या किनाऱ्यावरील घरांत मोडी रुमाल अजून माळ्यांवर पडून आहेत. दर पावसाळ्यांत वाळवी आपला वांटा घेते. गांव वसल्याची हकीकत सांगणारे कागद कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं मूळ जवळ ठेवून नक्कल मंडळाकडे पाठवावी. मोडीचें लिप्यंतर आम्ही करून देऊं.