धरणफुटीचे गणित आणि वस्तीची साक्ष

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि त्याच दिवशी दुपारी खडकवासल्याचे. पुण्याच्या अर्वाचीन इतिहासात ह्या दिवसाला मोठे स्थान आहे. त्यावर पुष्कळ लिहिले गेले. मी जे वाचले त्यात शनिवार, नारायण, कसबा ह्या पेठा आहेत, कोसळलेले वाडे आहेत, भिजलेले ग्रंथ आणि दप्तरे आहेत. नदीकाठच्या झोपड्या मात्र 'गोरगरिबांचे अतोनात हाल झाले' अशा धर्तीच्या एखाद्या वाक्यात उरकलेल्या असतात. ज्याचा वाडा पडला त्याला आडनाव आहे. ज्याची झोपडी गेली तो नुसता 'गोरगरीब'. मी चांदवडला इतिहास शिकवतो. एका वाक्यात उरकलेल्या ह्या माणसांचा इतिहास कुठे शोधायचा, हा माझ्या विषयाचाच प्रश्न आहे. तो शोधताना मी अशा ठिकाणी पोहोचलो जिथे इतिहासाचा शिक्षक सहसा जात नाही. ते ठिकाण म्हणजे धरणफुटीच्या पुराचे गणित.

आधी घटना नीट पाहू. पानशेत हे आंबी नदीवरचे मातीचे धरण. १९६१ च्या पावसाळ्यात त्याचे काम अपुरे होते, तरी त्यात पाणी साठवले गेले. पाणी सोडण्याच्या मोरीचे दरवाजे पुरते बसले नव्हते. मोरीतून बेबंद पाणी धावू लागले, मोरी ढासळली, तिच्यावरचा भराव खचत गेला आणि अखेर पाणी धरणाच्या माथ्यावरून वाहू लागले. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून धरण रात्रीऐवजी दिवसा फुटले. त्या पोत्यांनी किती जीव वाचवले ह्याची मोजदाद करता येणार नाही. पुढे चौकशी आयोग बसला, प्रथम न्या. बावडेकर आणि नंतर न्या. नाईक ह्यांच्याकडे ते काम होते. मृतांच्या आकड्यावर मात्र आजतागायत एकमत नाही. ज्यांची नोंद जिवंतपणी कुठल्या कागदावर नव्हती, त्यांची नोंद मेल्यावर तरी कशी व्हावी?

पानशेतचा भराव खचू लागल्यापासून पुणे बुडेपर्यंत अनेक तास हातात होते. कुठे, किती वाजता, किती खोल पाणी येईल हे सांगणारा कागद मात्र कोणाच्याच हाती नव्हता. असा कागद करता येतो काय? येतो. त्याची मुळे जुनी आहेत. सेंट व्हेनंट ह्या फ्रेंच अभियंत्याने १८७१ साली उघड्या पात्रातून बदलत्या वेगाने वाहणाऱ्या पाण्याची समीकरणे मांडली. १८९२ साली रिटरने, धरणाची भिंत एका क्षणात नाहीशी झाली तर कोरड्या पात्रातून पाण्याची लाट कशी धावेल, ह्याचे उत्तर काढले. ही समीकरणे खऱ्या दरीखोऱ्यांसाठी सोडवायला पुढे संगणक यावा लागला. ५ जून १९७६ रोजी अमेरिकेतले टीटन हे मातीचे धरण पहिल्यांदा भरत असतानाच फुटले. त्यानंतर तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेत डॅनी फ्रेड ह्यांनी धरणफुटीचा पूर मोजणारा संगणकीय कार्यक्रम तयार केला आणि जगभर त्याच्या आधारे कामे झाली.

ह्या गणिताची रीत आपण समजून घेतली पाहिजे. ती समजू नये इतकी अवघड नाही. जलाशयात पाणी किती, हे आधी घ्यायचे. भगदाड कुठे पडेल, किती रुंद होईल आणि किती वेळात पूर्ण उघडेल, हे ठरवायचे. काँक्रीटचे कमानी धरण क्षणार्धात जाते. मातीचे धरण झिजत झिजत जाते, कधी अर्ध्या तासात, कधी काही तासांत. त्यावरून धरणातून दर क्षणाला किती पाणी बाहेर पडेल हे निघते. मग खालच्या नदीचे ठिकठिकाणी आडवे छेद घ्यायचे आणि पात्र गुळगुळीत आहे की झाडाझुडपांचे हे एका गुणांकाने धरायचे. शेवटी प्रत्येक गावासमोर आकडे उमटतात: पाणी किती वेळाने पोहोचेल, किती खोल असेल, किती वेगाने येईल. ह्यांपैकी भगदाडाचा अंदाज सर्वांत कच्चा असतो आणि धरणाच्या अगदी पायथ्याशी राहणाऱ्याचे भवितव्य त्या कच्च्या आकड्यावरच सर्वांत जास्त अवलंबून असते.

पण हे गणित बरोबर आले की चुकले, हे कशावरून ठरवायचे? इथे इतिहास येतो. २ डिसेंबर १९५९ च्या रात्री फ्रान्समधले माल्पासे धरण फुटले आणि चारशेहून अधिक माणसे मेली. पूर ओसरल्यावर पोलिसांनी दोन्ही काठांवर पाणी कुठवर चढले होते त्याच्या खुणा मोजून ठेवल्या. खालच्या भागातली विजेची रोहित्रे पाण्याच्या तडाख्याने कोणत्या क्षणी बंद पडली, हेही ठाऊक होते. ह्या खुणा आणि ह्या वेळा आजही धरणफुटीची मॉडेले तपासण्यासाठी वापरल्या जातात. म्हणजे भविष्य सांगणारे हे शास्त्र भूतकाळाच्या साक्षीवर उभे आहे.

मग विचारले पाहिजे की साक्ष कोणाची? पाण्याची खूण टिकायला भिंत टिकावी लागते. पुण्याच्या पेठांत काही जुन्या इमारतींवर १९६१ च्या पाण्याची पातळी दाखवलेली आहे, कारण त्या इमारती उभ्या राहिल्या. कुडाची, पत्र्याची, कच्च्या विटांची घरे पाण्याबरोबर गेली आणि त्यांची खूणही गेली. सर्वांत खोल पाणी जिथे आले, सर्वांत आधी जिथे आले, तिथलाच पुरावा नाहीसा झाला. आपल्या समाजाचा लेखी इतिहास का नाही ह्याची चर्चा ह्या चळवळीत पुष्कळ झाली आहे. पुराच्या इतिहासातही तेच घडते, आणि इथे त्याची किंमत पुढच्या पिढीच्या जिवाने मोजावी लागते.

वस्ती सखल जागी का असते, हा प्रश्न समीकरणांत येत नाही. मॉडेलला फक्त उंची कळते. ह्या घराची जमीन नदीच्या तळापासून अमुक मीटरवर, एवढेच तो आकडा सांगतो. ती जागा त्या माणसाने निवडलेली नाही, हे सांगत नाही. गावाच्या उतारावर, ओढ्याकाठी, वेशीबाहेर राहण्याची सक्ती गावगाड्याने केली. शहरात आल्यावर तेच काम जमिनीच्या भावाने केले. पुराच्या नकाशावर जो गडद निळा पट्टा दिसतो, त्यात बऱ्याच ठिकाणी जातिव्यवस्थेचाही नकाशा आहे.

चांदवडच्या वाचकाला हे सारे लांबचे वाटेल. आमचा तालुका दुष्काळाचा. पुणेगाव-दरसवाडी कालव्याच्या पाण्याची वाट पाहण्यात इथल्या माणसांची वर्षानुवर्षे गेली. पण दुष्काळानेच महाराष्ट्रभर मातीचे भराव उभे केले. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर असंख्य पाझर तलाव झाले. माझी आजी अशाच एका भरावावर मातीच्या पाट्या वाहत होती. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला; तरी धरणाच्या पोटात काय असते हे मला पुस्तकाआधी तिच्याकडून कळले. मधोमध काळी चिकण माती, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडाचे पिचिंग, आणि प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने चोपलेला. मुकादमाने कुठे घाई केली, कोणता थर न चोपता पुढची माती टाकली, हेही ती सांगे. भगदाड कुठे पडेल हे मॉडेलला अंदाजाने धरावे लागते. पाट्या वाहणाऱ्या बाईला ते ठाऊक होते. तिला कोणी विचारले नाही.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. खालची भेंदवाडी झोपायच्या तयारीत असताना वाहून गेली आणि वीसच्या आसपास माणसे बळी पडली. धरण गळते आहे ही तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला. साक्ष होती, ती वेळेवर आलेली होती, पण ती साक्ष म्हणून धरली गेली नाही.

आता कायदा आला आहे. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. धरणाच्या मालकाने आपत्कालीन कृती आराखडा करावा, असे तो सांगतो. धरणफुटीचे गणित आणि बुडणाऱ्या क्षेत्राचे नकाशे हा अशा आराखड्याचा पाया असतो. परंतु हा कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना, आणि काही अटींवर दहा ते पंधरा मीटरच्या धरणांना लागू होतो. दहा मीटरच्या आतला पाझर तलाव त्याच्या कक्षेत नाही. त्याच्या खाली राहणारी वस्ती कोणत्याच नकाशावर नाही.

ह्या बाबतीत आपण परक्याच्या दारात उभे नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्यानेच १९४५ साली जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयनाचा केंद्रीय आयोग उभा केला; आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ त्यात आहे, आणि धरणांच्या आपत्कालीन आराखड्यांची मार्गदर्शक तत्त्वे हाच जल आयोग काढतो. महाडला १९२७ साली पाण्यावरचा हक्क मागितला गेला. पाण्यापासून वाचण्याचा हक्क ही त्याच मागणीची दुसरी बाजू आहे. राज्याची धरण सुरक्षितता संघटना तर आमच्या नाशिकलाच आहे.

धोक्याची खबर अभियंत्याकडून जिल्हाधिकाऱ्याकडे, तिथून तहसीलदाराकडे, तलाठ्याकडे आणि पोलीस पाटलाकडे येते. चावडीपासून वस्तीपर्यंतचे शेवटचे अंतर कोणी चालायचे? पूर्वी दवंडी आणि सांगावा हे वतनाच्या नावाखाली आपल्याच माणसांवर लादलेले काम होते. ती गुलामी गेली हे उत्तमच झाले. पण तिच्या जागी नागरिक म्हणून खबर मिळण्याची व्यवस्था वस्तीपर्यंत आली की नाही, हे तपासणे बाकी आहे. आणखी एक सावधगिरी हवी. पूररेषेचा नकाशा हाती आला की पहिला बुलडोझर झोपडीवर जातो. म्हणून नकाशाबरोबर उंचावरची पर्यायी जागा मागितली पाहिजे. नाहीतर जीव वाचवणारे शास्त्र आपल्याला हुसकावण्याचे हत्यार होईल.

कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच आहे. आपल्या धरणाचा आपत्कालीन आराखडा माहितीच्या अधिकारात मागा आणि तो मराठीत समाजमंदिराच्या भिंतीवर लागावा असा आग्रह धरा. जिथे आराखडा नाही तिथे पावसाळ्यापूर्वी तलावाच्या भरावापासून वस्तीपर्यंत स्वतः चालत जा. सांडवा मोकळा आहे काय, भराव कुठे ओला आहे, ओढा कुठे वळतो, जुन्या पुरात पाणी कुठवर आले होते, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा, विशेषतः त्या कामावर राबलेल्या बायांना. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालून ते वहीत उतरवा आणि एक प्रत तहसील कचेरीत देऊन पोच घ्या.