निर्बीजीकरण झालं, आवक थांबली नाही

इटलीत १४ ऑगस्ट १९९१ रोजी कायदा क्रमांक २८१ झाला आणि मोकाट मांजरांना कायद्याचं संरक्षण मिळालं. गंभीर आजारी किंवा बरं न होणारं मांजर सोडलं, तर बाकीच्यांना मारायला बंदी आली. सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेने त्यांचं निर्बीजीकरण करून त्यांना पुन्हा त्यांच्याच गटात सोडावं, असं ठरलं. रोममध्ये या मांजरांना रोज खाऊ घालणाऱ्या बायकांना ‘गात्तारे’ म्हणतात. मोकाट मांजर परक्या माणसाच्या हाती लागत नाही. उपाशी असलं तरच खाण्याच्या वासाने पिंजऱ्यात शिरतं. त्यामुळे त्याच्या खाण्याच्या वेळा ठाऊक असलेलं माणूस या कामात डॉक्टरइतकंच मोलाचं. शस्त्रक्रिया झाली की भुलीतच कानाचं टोक किंचित छाटण्याची पद्धत आहे. म्हणजे तेच मांजर दुसऱ्यांदा टेबलावर येत नाही.

याचा उपयोग किती झाला? १९९१ ते २००० या काळात रोममध्ये जवळपास ८,००० मांजरांचं निर्बीजीकरण झालं. मांजरांच्या १०३ वसाहतींच्या पाहणीत एकंदर संख्या घटलेली दिसली. पण सुमारे २१ टक्के मांजरं बाहेरून आलेली निघाली. काही आपणहून आली होती, काही लोकांनी आणून टाकली होती. शस्त्रक्रियेने जन्म थांबतात, आवक थांबत नाही.

‘मग मारूनच का टाकू नयेत?’ असं विचारणारे मांजरांमुळे मरणाऱ्या पक्ष्यांकडे बोट दाखवतात, आणि ती तक्रार खोटी नाही. दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातल्या मॅरियन बेटावर १९४९मध्ये नेलेल्या पाच मांजरांची १९७७पर्यंत सुमारे ३,४०० झाली होती आणि समुद्रपक्ष्यांचा फडशा पडत होता. तिथे आधी विषाणू सोडला, मग बंदुका आणि सापळे वापरले; १९९१मध्ये बेट मांजरमुक्त झालं. पण अथांग समुद्रातल्या त्या बेटावर नवं मांजर येण्याची सोय नव्हती, आणि तरीही चौदा वर्षं लागली. रोमला असा समुद्राचा वेढा नाही. तिथे मारलेल्या मांजराची जागाही टाकून दिलेलं मांजर घेणारच.

म्हणून दया की कठोरपणा, हा वाद दुय्यम ठरतो. भारतानेही २००१च्या नियमांत भटक्या कुत्र्यांसाठी निर्बीजीकरण करून त्याच जागी सोडण्याचा मार्ग धरला. तो टिकवायचा तर पाळीव जनावरांचं निर्बीजीकरण आणि ती रस्त्यावर सोडणाऱ्यांना चाप, हा खर्चही त्याच हिशेबात धरावा लागेल.