चांद्याच्या आकाशांतील खळें

चंद्रपूर हें महाराष्ट्रांतील अत्यंत तापणारें शहर. उन्हाळ्यांत तेथील पारा कांहीं वर्षीं ४७ अंशांपलीकडे गेलेला आहे. अशा भूमीशीं बर्फाचा संबंध जोडला तर कोणासही नवल वाटेल. तथापि जुन्या चांद्याच्या गोंडकालीन परकोटावर किंवा १९८२ सालीं स्वतंत्र जिल्हा झालेल्या गडचिरोलीच्या अरण्यावर सूर्याला अगर चंद्राला जें मोठें खळें पडतें, तें बर्फाचेंच कार्य होय. जसजसें वर जावें तसतशी हवा थंड होते. पांचसहा हजार मीटरांच्या वर भर वैशाखांतही पाणी गोठण्याइतकी थंडी असते आणि त्याहून उंच असलेल्या विरळ, पांढऱ्या मेघांत षट्कोनी हिमस्फटिक तरंगत असतात.

हें दृश्य आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हतें. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत परिवेष व प्रतिसूर्य यांना स्वतंत्र अध्याय दिले. विरळ अभ्रांच्या आकाशांत वायूमुळें किरण वर्तुळाकार होतात, अशी त्याची उपपत्ति होती. विरळ अभ्रांचा संबंध त्यानें अचूक हेरला. परंतु पुढें रंगांवरून राजा व प्रजा यांचीं शुभाशुभ फळें सांगितलीं. युरोपांतही निराळें नव्हतें. १५३५ सालीं स्टॉकहोमच्या आकाशांत अनेक सूर्य दिसले, तेव्हां लोकांनीं तो ईश्वरी संकेत मानला.

१६२९ सालीं रोमजवळ दिसलेल्या प्रतिसूर्यांनीं देकार्तचें लक्ष या विषयाकडे वेधलें. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत मारिओत यानें खरें कारण सांगितलें. स्फटिकाच्या एकाआड एक बाजूंमध्यें ६० अंशांचा कोन असतो. त्यांतून जाणारा किरण लोलकांतल्याप्रमाणें निदान २२ अंश वळतो. म्हणून तेवढ्याच अंतरावर प्रकाश दाटतो. तांबडा सर्वांत कमी वळत असल्यानें खळ्याची आंतली कड तांबूस दिसते.

खळें मोठें तर पाऊस जवळ, लहान तर दूर, अशी खेडोपाडीं समजूत आहे. हिमस्फटिकांचें हें खळें मात्र सदैव २२ अंशांचेंच असतें. चंद्राला चिकटलेलें लहान वलय बहुधा जलबिंदूंचें असतें. त्याची जातच वेगळी. विरळ मेघांचा पडदा कधीं पावसाच्या ढगांपुढें धांवतो, तर कधीं कोरडाच निघून जातो. गडचिरोलीच्या धान पिकविणाऱ्या शेतकऱ्यानें केवळ खळ्यावर विसंबून रोवणीचा बेत केला, तर पऱ्हे वाळण्याची भीति आहे. खळें दिसल्यास हवामान खात्याचा अंदाज पाहावा, हें उत्तम.

मोजणी कोणासही करतां येते. हात लांब करून आंगठा चंद्रावर धरला, तर पसरलेली करंगळी साधारण खळ्याच्या कडेस टेकते. वराहमिहिरापासून खेड्यांतल्या म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांनीं खळें नीट पाहिलें. त्यांच्या पाहण्यांत उणें होतें तें केवळ या मोजणीचें.