शल्यचिकित्सकांचे नीतिशिक्षण

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरची रुग्णाप्रती असलेली नैतिक कर्तव्ये, त्या कर्तव्यांकडे पाहण्याची त्याची वृत्ती आणि ती वृत्ती घडवणारे शिक्षण यांचा विचार या विषयात होतो. भूल दिलेला रुग्ण निर्णयात भाग घेऊ शकत नाही आणि एकदा काढलेला अवयव परत बसवता येत नाही, म्हणून येथील नैतिक प्रश्नांना विशेष धार असते.

शल्यचिकित्सक नीतिविचाराबाबत उदासीन असतात, हा समज बरोबर नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स बॉस्क यांनी एका अध्यापन रुग्णालयातील शल्यविभागाचे निरीक्षण करून १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले की, निवासी डॉक्टरची तांत्रिक चूक त्याने लगेच कळवली आणि ती वारंवार केली नाही, तर वरिष्ठ ती माफ करत. परंतु चूक लपवणे किंवा रुग्णाची हेळसांड करणे यांना माफी नसे. ही कडक नीती राऊंडमध्ये आणि मृत्यू व गुंतागुंतींचा आढावा घेणाऱ्या बैठकांत मुरत जाते. मात्र तिच्यात जाब मुख्यतः वरिष्ठांना द्यायचा असतो, आणि रुग्णाच्या स्वतःच्या इच्छेचा प्रश्न मागे पडतो.

भारतात ही उणीव संमतीच्या, म्हणजे धोके व पर्याय समजून घेऊन रुग्णाने दिलेल्या होकाराच्या बाबतीत ठळक दिसते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांतील लेखी संमतीच्या कलमातही पती किंवा पत्नीचा उल्लेख आधी आणि स्वतः रुग्णाचा शेवटी येतो. दुर्बिणीतून केवळ तपासणी करण्यास संमती दिलेल्या एका सज्ञान स्त्रीचे गर्भाशय व बीजांडकोश, ती भुलीखाली असताना आईची संमती घेऊन काढण्यात आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ च्या निकालात ही संमती अग्राह्य ठरवली. तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे आणि जीव वाचवण्याची तातडी नसेल तर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबलेच पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांचा ‘एटकॉम’ हा घटक २०१९ पासून आला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे; पण शल्यचिकित्सकाच्या सवयी पक्क्या होतात त्या पुढे, एम.एस.च्या तीन वर्षांत. तेथे संमतीपत्रावर सही घेण्याचे काम बहुधा सर्वांत कनिष्ठ निवासी डॉक्टरवर पडते. टाके घालणे जसे वरिष्ठाच्या नजरेखाली शिकवले जाते, तसाच रुग्णाशी करायचा हा संवादही शिकवला आणि तपासला गेला पाहिजे.