कॉफीची चव आणि मुलखाचे नाव

आंब्याच्या बाबतीत मुलूख विचारल्याशिवाय आपण पेटीला हात लावीत नाही. देवगडचा की रत्नागिरीचा, यावर घराघरांत वाद झडतात. गूळ कोल्हापूरचा आहे काय, हेही आपण वाण्याला विचारून घेतो. परंतु कॉफीचा दाणा कोणत्या डोंगरावर पिकला, हा प्रश्न मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या क्वचितच कोणी विचारला असेल. कॉफी दुधात उकळावयाची, साखर सढळ हाताने घालावयाची आणि वर जायफळ किसावयाचे, ही आपली रीत. त्या जायफळाच्या सुवासाखाली दाण्याचा मुलूख लपून गेला, तर नवल नाही. आता मात्र कुर्ग, चिकमगळूर, अरकू अशी नावे छापलेली पुडकी वर्तकनगरसारख्या वसाहतीतील घरांतही येऊ लागली आहेत. या निरनिराळ्या कॉफींच्या चवींत जो फरक जाणवतो तो निव्वळ मातीचा की आणखी कशाचा, आणि ही नावे इतकी वर्षे होती कोठे, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

कॉफीच्या दाण्यास जुन्या मराठीत ‘बुंद’ किंवा ‘बुंददाणा’ म्हणत. हा शब्द अरबीतून आला, आणि मालही त्याच वाटेने आला. झाड मूळचे इथिओपियाच्या रानांतले; त्याची पद्धतशीर लागवड झाली येमेनमध्ये, आणि तेथील मोखा बंदरातून दाणे जगभर जाऊ लागले. मक्केच्या यात्रेहून परतताना बाबा बुडन या साधुपुरुषाने सात दाणे लपवून आणले व चिकमगळूरजवळच्या डोंगरावर पेरले, अशी सतराव्या शतकातील आख्यायिका आहे. ते डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखले जातात, आणि तेथील स्थान दत्तात्रेयाचे म्हणून हिंदूंना व बाबांचे म्हणून मुसलमानांना पूज्य आहे. आख्यायिकेचा भाग सोडला, तरी पुढचा इतिहास पक्का आहे. 1696 व 1699 साली डच लोकांनी मलबार किनाऱ्यावरून रोपे जावा बेटात नेली. जावातून एक रोप अॅम्स्टरडॅमला, तेथून पॅरिसला आणि 1723 च्या सुमारास वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर गेले. म्हणजे अमेरिका खंडातील कॉफीच्या फार मोठ्या भागाचे गोत्र आपल्या मलबाराशी जुळते.

मग बी जर इतके जवळचे, तर चवी निराळ्या का? याचे पहिले उत्तर अर्थातच भूगोलाचे. अरबिका जातीला हजार ते दीड हजार मीटर उंचीची थंड हवा मानवते. तेथे फळ सावकाश पिकते आणि दाण्यात गोडवा व नाजूक आंबटपणा उतरतो. बाबाबुडनगिरीच्या कॉफीची ख्याती या सौम्यपणाबद्दल आहे. पूर्व घाटातील अरकूच्या कॉफीत फळासारखा आंबूस स्वाद जाणकारांना आढळतो. रोबस्टा ही वेगळी जात. ती कमी उंचीवर व अधिक उष्ण हवेत वाढते, तिच्यात कॅफीन अरबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते, आणि चव कडक, दाट व कडवट. वायनाड प्रामुख्याने रोबस्टाचा मुलूख. कुर्गात दोन्ही जाती आहेत. शिवाय आपल्याकडे कॉफी मोठ्या झाडांच्या सावलीत, मिरीच्या वेलांच्या शेजारी वाढते. मार्च-एप्रिलच्या वळवाने मळे पांढऱ्या फुलांनी भरून जातात, आणि त्या वर्षाचे पीक बरेचसे त्या सरींवर ठरते.

परंतु भूगोलाने सगळे उलगडत नाही. 1869 साली सिलोनमध्ये कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला. थोड्याच वर्षांत तेथील मळे उद्ध्वस्त झाले व त्या जागी चहा उभा राहिला. हाच रोग दक्षिण हिंदुस्थानातही पसरला आणि वायनाडच्या अरबिकाला त्याचा मोठा फटका बसला. तांबेऱ्याला दाद न देणारी म्हणून रोबस्टा विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे रुजली. चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूर येथे 1925 साली कॉफी संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे रोगाला तोंड देणारे अरबिकाचे नवे वाण तयार झाले. तेव्हा वायनाडची कॉफी कडवट का, याचे एक उत्तर मातीत असले, तर दुसरे त्या तांबेऱ्यात आहे.

याहून गमतीचे उदाहरण मलबारच्या ‘मॉन्सून्ड’ कॉफीचे. शिडाच्या जहाजांतून माल आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोहोचावयास कित्येक महिने लागत. समुद्राच्या दमट हवेने दाणे फुगत, पिवळट होत आणि त्यांचा आंबटपणा निघून जाई. वास्तविक हा मालाचा बिघाड. परंतु युरोपातील गिऱ्हाइकांच्या जिभेला तोच रुचला. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटींनी प्रवास आटोपता केला, आणि दाणा हिरवा तो हिरवाच पोहोचू लागला. मग गिऱ्हाइकाची जुनी आवड भागविण्यासाठी मंगळूरकडील किनाऱ्यावर मुद्दाम पावसाळी वारे खेळणाऱ्या गुदामांत दाणे पसरून, वरचेवर हलवून फुगविण्याची युक्ती निघाली. ती आजही चालू आहे. या कॉफीची चव मळ्याने जितकी घडविली, तितकीच जहाजाने घडविली.

आता नावांकडे वळू. 1930 नंतरच्या मंदीत कॉफीला भाव उरला नाही. देशातच खप वाढावा म्हणून कॉफी सेस कमिटीने 1936 साली मुंबईत चर्चगेटजवळ पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले. पुढे महायुद्धाने युरोपची बाजारपेठ बंद केली, आणि 1942 च्या कायद्याने कॉफी बोर्डाकडे खरेदी-विक्रीची सत्ता आली. प्रत्येक मळेवाल्याने आपला माल बोर्डाच्या सामाईक साठ्यात घालावयाचा व प्रतीप्रमाणे पैसे घ्यावयाचे, असा नियम झाला. या व्यवस्थेने बुडणाऱ्या लहान शेतकऱ्याला आधार दिला, हे विसरणे अन्यायाचे होईल. परंतु दाण्याचा आकार, जात व प्रत पाहून ढीग पडत. त्या ढिगात मळ्याचे नाव बुडे. उत्तम माल काढणाऱ्याची वेगळी ओळख उरली नाही. ही व्यवस्था 1990 नंतर सैल होत गेली व 1996 मध्ये विक्री मोकळी झाली. नावे परतली ती त्यानंतर. 2019 साली कुर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी व अरकू येथील अरबिका आणि वायनाडची रोबस्टा, अशा पाच कॉफींना भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले.

महाराष्ट्राचे नाव या यादीत नाही. तथापि महाराष्ट्रात कॉफीच पिकत नाही, हा समज चुकीचा आहे. अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत सुमारे अकराशे मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यात इंग्रजी अमदानीत कॉफी लावली गेली व तेथे ती अजून तग धरून आहे. क्षेत्र अगदी थोडे. कर्नाटकाशी त्याची तुलनाच नको, कारण देशातील सुमारे सत्तर टक्के कॉफी तेथे पिकते. तुलना करावयाची तर अरकूशी करावी. तेही दक्षिणेच्या जुन्या कॉफी-मुलखाबाहेरचे ठिकाण, तेथेही डोंगरात आदिवासींची वस्ती. सरकारी योजना, सहकार आणि फळ निवडण्यातील शिस्त यांच्या बळावर तेथील लहान आदिवासी शेतकऱ्यांच्या मालाला नाव मिळाले, आणि 2017 मध्ये त्या नावाचे दुकान पॅरिसमध्ये उघडले. चिखलदऱ्याभोवतीच्या मेळघाटात कोरकू राहतात. कुपोषणाच्या बातम्यांनीच तो मुलूख आपल्या परिचयाचा झाला आहे. अरकूला जे जमले ते तेथे जसेच्या तसे जमेल, असे आम्ही म्हणत नाही. पाऊस, जंगलाचे कायदे, जमिनीचा धारा, सारेच निराळे आहे. परंतु मुलखाचे नाव आपोआप मिळत नाही, ते माणसांना घडवावे लागते, एवढे अरकूने सिद्ध केले आहे.

जिज्ञासूंनी एक प्रयोग घरी करून पाहावा. दोन मुलखांची, सारखीच भाजलेली कॉफी सारख्याच वजनाने घ्यावी, सारख्याच गरम पाण्यात चार मिनिटे भिजवावी, आणि दूध-साखर न घालता आळीपाळीने चाखावी. आंबटपणा, कडवटपणा, दाटपणा व सुवास हे चार गुण तेवढे पाहावेत. जायफळाची कॉफी सोडा, असे आमचे सांगणे मुळीच नाही. ती आपली आहे, आणि चांगली आहे. मात्र पुडके आणताना वाण्याला एकदा आंब्याचाच प्रश्न विचारावा, की दाणा कोठला? गिऱ्हाईक विचारू लागले, तरच पिकविणाऱ्याच्या नावाला किंमत येते.